अस्तर चार बोटं जास्त

फोनवर तिनं एवढंच विचारलं :
वरचा भाग पूर्ण जोडलाय ना,
आणि अस्तर चारी बाजूंनी
चार बोटं जास्त आहे ना?
मग या. रबाळे, गाळा नंबर नऊ.
खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम, वर मी.

कोपरखैरण्याहून रिक्षानं गेले,
गोधडी मांडीवर, चादरीत बांधून,
जुनं भांडण मिटवायला निघाल्यासारखी.

सुगंधा मढवी. पस्तिशीची असेल. कानामागे खडू.
तिनं गाठोडं सोडलं, टेबलावर पसरलं
आणि तळहातानं वाचत गेली.
"हातानं शिवलंय सगळं?"
हो.
"मावशी, इथे मधे पोट सुटलंय."
सात वर्षं लागली, म्हटलं, सुटणारच.
ती हसली नाही. पोटाला टाचण्या लावल्या.

मग मीच सांगत सुटले, तिनं विचारलं नव्हतं.
हे निळे तुकडे एप्रनचे,
वाइंडिंग खात्यातल्या आम्ही बावीस जणी.
हा कुंदा साव्यांचा, वार्निशचा डाग गेलाच नाही.
हा रेबेकाचा, ती बाळंतपणानंतर परत आली नाही.
हा झुलेखाचा. धुऊन, इस्त्री करून कुरिअरनं पाठवला,
सोबत चिठ्ठी नाही.
केसाएवढी तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळायचो,
तीन हजार दोनशे वेढे,
एक चुकला की सगळं उलगडा.
मग जर्मनीहून एक मशीन आलं.
आम्हीच त्याला हार घातला, नारळ फोडला,
पेढे कमी पडले तेव्हा अर्धे अर्धे केले.
वर्षभरात खातंच राहिलं नाही.
आता माझ्या उजव्या हाताची तीन बोटं
सुईला ओळख दाखवत नाहीत,
म्हणून आले,
मशीनकडेच, वर पैसे देऊन.

हे शेवटचं मी बोलले नाही.

"नक्षी?" तिनं वही पुढे केली.
वेल, लाटा, शंख, मोराचे डोळे.
मी म्हटलं, साधे वळसे. गोल. एकाला एक लागून.
"आणि हा खिसा?"
एका तुकड्यावर खिसा तसाच ठेवला होता.
वर दोऱ्यानं ३१७. माझा.
हा अख्खा चौकोन मोकळा सोडा, म्हटलं.
"मोकळं सोडलं की आतला कापूस गोळा होतो, मावशी.
दोन धुण्यांत तिथे नुसतं कापड उरेल."
मग खिशावर हात मांडून पाहिला.
"कडेकडेनं जाते. चार बोटं जागा आहे,
तेवढी कापूस सोसेल."

गुरुवारी बघायला बोलावलं.
मशीनचा हात माणसाहून लांब.
मला वाटलं, बटण दाबेल आणि बाजूला होईल.
तसलंही मिळतं म्हणाली, दुप्पट किमतीला.
हिचं दोन्ही मुठींत धरायचं होतं,
आणि धरून ती चालत होती, बारा फूट रुळांवर,
कमरेतून वळत, ओठ आत दुमडून.
मधेच थांबली, अंगठ्याच्या नखानं दोरा छेडला,
ताण बघायला.
माझं नख आपोआप हललं.

तासाभरात कुंदा झाली, रेबेका झाली.
झुलेखावर दोरा तुटला, पुन्हा ओवला.
मी वळसे मोजत होते, सवय जात नाही.
एकशे नव्वदला नाद सोडला.

बेचाळीस चौरस फूट, साठच्या दरानं
दोन हजार पाचशे वीस. तिनं वीस सोडले.
मी हट्टानं दिले.
पावती खिशात ठेवली,
पर्सच्या नव्हे, तीनशे सतराच्या.

कडेचं जास्तीचं अस्तर कापून
तिनं गुंडाळी हातात दिली.
"काठाची पट्टी ह्याचीच करा. तेवढं जमेल तुम्हाला."

एक बाजू झालीय.
टाके लहानमोठे, एक तर चक्क उलटा.
सुई आता मुठीत धरते.